रेनबो ट्राउट गरवायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी लागला की माझा फोन वाजायला लागतो. मार्चात हिमाचलमधलं ट्राउटचं पाणी उघडतं, म्हणजे तिथे गळ टाकायची बंदी उठते, आणि पुणे, मुंबई, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या गरीवाल्यांचे तेच तेच प्रश्न सुरू होतात. मी मत्स्यशास्त्रज्ञ नाही. लहानपणी खाडीकाठी बोटाला तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गुंडाळून बसणारा आणि पुढे हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या नादी लागलेला माणूस आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिलाय, तो जरूर बघा. फोनवर परत तेच सांगायला लावू नका.

१. रेनबो ट्राउट हा आपल्याकडचा मासा आहे का?

नाही. तो मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडचा आणि पलीकडे रशियातल्या कामचात्काचा. शास्त्रीय नाव ऑन्कोरिंकस मायकिस. त्यातलं ‘मायकिस’ हे कामचात्कातल्या त्याच्या स्थानिक नावावरून आलंय. पूर्वी त्याला युरोपातल्या ट्राउटच्या गणात धरत. १९८९ मध्ये त्याला पॅसिफिक सॅमनच्या गणात हलवलं, म्हणजे रोहू-कटल्यापेक्षा तो सॅमनचा सख्खा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गुलाबी पट्टा असतो, त्यावरून ‘रेनबो’. पाठीवर शेपटीच्या अलीकडे एक छोटा, बिनकाट्याचा मांसल पर असतो. तो शिंगाळ्याला असतो, रोहूला नसतो.

२. मग तो भारतात आला कसा?

साहेबाला इथे करमेना म्हणून. मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये निलगिरीत ट्राउट आणायचा प्रयत्न केला, तो फसला. काश्मीरला १९०० मध्ये स्कॉटलंडहून आलेली अंडी जगली आणि श्रीनगरजवळ हारवनला त्यांची पैदास सुरू झाली. पण तो ब्राउन ट्राउट, मूळचा युरोपचा. तिथून १९०९ मध्ये तो कुल्लूला पोचला. दक्षिणेत मद्रास सरकारचे मत्स्यतज्ज्ञ एच. सी. विल्सन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात निलगिरीत अव्हलांचीला अंडी उबवण्याचं केंद्र उभं केलं. तिथे खरा रुजला तो रेनबो. मुन्नारच्या चहामळेवाल्यांनीही आपल्या ओढ्यांत तोच वाढवला.

जहाजावरून आणायचे ते मासे नव्हेत, अंडी. ओल्या शेवाळात गुंडाळून, बर्फात थंड ठेवून. रेनबोची अंडी १० अंशांच्या पाण्यात फुटायला महिनाभर लागतो, पाणी आणखी थंड असेल तर जास्त. हा संथपणा होता म्हणूनच एवढा प्रवास जमला.

३. हिमाचलला गेलो तर रेनबोच लागेल ना?

बहुतेक वेळा नाही, आणि हे ऐकून निम्म्या लोकांचा चेहरा पडतो. तीर्थन, सैंज, बरोटची ऊहळ या नद्यांत शंभर वर्षांपासून घर करून, स्वतः अंडी घालून वाढलेला मासा ब्राउन आहे. रेनबो मुख्यतः मत्स्यकेंद्रांच्या सिमेंटच्या वाहत्या हौदांत असतो. पतलीकुहलला, बरोटला, सांगल्याला तुम्ही ताटात खाता तो हाच. नदीत मिळतो तो सोडलेला किंवा पुरात हौदातून निसटलेला. वाहत्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला रेनबोच हवा असेल तर निलगिरी आणि मुन्नारचा विचार करा (प्रश्न ८).

खरं सांगायचं तर ब्राउन जास्त लबाड असतो. तो लागला तर हळहळू नका.

४. हातात आलेला मासा ब्राउन की रेनबो, कसं ओळखायचं?

शेपूट बघा. रेनबोच्या शेपटीवर काळे ठिपके भरून असतात, ब्राउनच्या शेपटीवर जवळपास नसतात. ब्राउनच्या कुशीवर शेंदरी ठिपके असतात आणि त्यांच्याभोवती फिकट कडं. गुलाबी पट्ट्यावर विसंबू नका, लहान रेनबोत तो फिका असतो.

५. महाराष्ट्रात कुठे मिळेल? महाबळेश्वरच्या तळ्यात सोडले तर जगतील का?

नाही. या माशाचं सगळं गणित पाण्याच्या तापमानात आहे. त्याला १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. २० च्या वर गेलं की तो खाणं सोडतो, २५ च्या आसपास मरतो. एक कारण प्राणवायू. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २५ अंशांना ८ च्या आसपास. आणि पाणी तापलं की माशाची भूक-धाप वाढते, म्हणजे गरज वाढते आणि पुरवठा घटतो. महाबळेश्वर कितीही गार वाटलं तरी एप्रिल-मेमधलं उथळ तळ्याचं पाणी या हिशेबात बसत नाही. निलगिरीत जमलं, कारण ती पठारं दोन हजार मीटरच्या वर आहेत. आपलं कळसूबाईचं टोकच १,६४६ मीटर, आणि तिथे बारमाही ओढा कुठला?

यंत्रांनी पाणी थंड ठेवून हैदराबादजवळ ट्राउट वाढवायला घेतलाय, पण ती शेती झाली, गरवणं नव्हे.

आपल्याकडे दिमाखाचा मासा हवाच असेल तर महाशीर आहे. महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून लोक त्यांना मुरमुरे घालतात. तिथे गरी टाकायची नाही, नुसतं बघायचं. पण एकदा जाऊन बघाच.

६. कोणत्या महिन्यात जावं?

हिमाचलमध्ये १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटचं पाणी बंद असतं. हिवाळ्यात ट्राउट वाळू-गोट्यांत खळगा करून अंडी घालतो. तेव्हा त्या गोट्यांवरून नुसतं चालत गेलात तरी हजारोंचा चुराडा होतो.

उघड्या महिन्यांत मार्च ते मेचा पहिला पंधरवडा चांगला. त्यानंतर वरचा बर्फ वितळून नद्या ताकासारख्या पांढरट होतात. जुलै-ऑगस्ट पावसाचे, विसरून जा. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर माझे लाडके. पाणी काचेसारखं असतं, मासा हिवाळ्याआधी अंग भरून घेत असतो आणि पर्यटक दिवाळीची वाट बघत घरी असतात.

७. परवाना लागतो का? होमस्टेवाले म्हणाले, काही गरज नाही.

लागतो. होमस्टेवाल्याचं ऐकू नका, दंड तो भरणार नाही. मत्स्य विभागाच्या स्थानिक कार्यालयातून परवाना मिळतो. शुल्क किरकोळ असतं आणि अधूनमधून बदलतं. घेतानाच विचारून घ्या: दिवसाला किती मासे ठेवता येतात, किती लांबीच्या खालचा सोडावा लागतो, या पट्ट्यात कोणतं आमिष चालतं. काश्मीरमध्ये नदीचे पट्टे पाडलेले आहेत, त्यांना ‘बीट’ म्हणतात. परवाना त्या बीटचा आणि त्या दिवसाचा असतो. शेजारच्या बीटमध्ये पाऊल टाकलंत तर तुम्ही विनापरवाना.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवाना असूनही गरवायचं नाही. तीर्थनच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे. त्याच्या फाटकापाशी तुमची गरी थांबली पाहिजे.

८. पहिल्यांदा जाणाऱ्याने कुठे जावं?

तीर्थन. बंजारच्या पुढे गुशैणी-नागिणीच्या टापूत नदी रस्त्याला लागून आहे, राहायची सोय आहे आणि घसरलात तर हाक ऐकायला माणूस आहे. मुंबईहून चंदीगडपर्यंत रेल्वे, तिथून मनालीच्या बसने औटपर्यंत, पुढे बंजारची गाडी.

बरोट मला त्याच्या गंमतीसाठी आवडतं. १९३३ मध्ये सुरू झालेल्या शानन वीजघरासाठी इथे ऊहळचं पाणी अडवलं आणि सामान चढवायला डोंगरावरून तारेने ओढायची ट्रॉली बांधली. ती बघत गरवायचं. रोहडूची पब्बर आणि सांगल्याची बास्पा पुढच्या खेपेला.

काश्मीरची लिडर आणि ब्रिंगी या नद्या म्हणजे फ्लायवाल्यांची (प्रश्न १०) पंढरी. कोकरनागला १९८४ मध्ये युरोपीय मदतीने उभं राहिलेलं मोठं ट्राउट केंद्रही जवळच. निलगिरी-मुन्नार आपल्याला प्रवासाला सोपं, पण तिथलं बरंचसं पाणी राष्ट्रीय उद्यानात किंवा मळ्यांच्या ताब्यात आहे. आधी परवानगी हातात घ्या, मग तिकीट काढा.

९. आमची मरळ-कटल्याची गरी चालेल का?

चालेल, पण बंदूक घेऊन डास मारायला गेल्यासारखं दिसेल. तिथला मासा बहुधा पाव ते अर्ध्या किलोचा असतो. सहा-सात फुटी हलका रॉड, छोटं रील आणि ०.१८ मिलिमीटरच्या आसपासचा तंगूस पुरे. आमिष म्हणून दोन-तीन ग्रॅमचा फिरत्या पात्याचा स्पिनर. रंग सोनेरी किंवा चंदेरी. लोक पाकीटभर रंग घेऊन येतात आणि परत जाताना तीन-चार खडकांना वाहून जातात. तेव्हा एकाच रंगाचे पाच आणा.

जाड तंगूस नको, कारण स्वच्छ पाण्यात तो माशाला दिसतो. आपल्या गढूळ तळ्यांत हा प्रश्नच येत नाही, म्हणून आपल्याला त्याची सवय नसते.

१०. फ्लाय फिशिंग म्हणजे गळाला खरी माशी लावायची का?

नाही. पिसं, केस आणि दोरा गळावर गुंडाळून किड्याचा भास करायचा. एरवीच्या गरीत वजन आमिषात असतं आणि ते तंगूसाला ओढत नेतं. इथे आमिष कापसासारखं हलकं, म्हणून वजन दोरीत भरलेलं असतं आणि तुम्ही दोरी फेकता. सगळा फरक एवढाच. पण हात बसायला दोन दिवस जातात, आणि पहिल्या दिवशी मागच्या झाडाला जास्त मासे लागतात.

कोणती फ्लाय वापरायची हे दुकानदाराला विचारू नका, नदीला विचारा. घोटाभर पाण्यातला एक गोटा उचलून उलटा करा. खाली चपट्या, तीन शेपट्यांच्या अळ्या सळसळताना दिसतील. बारीक खडे चिकटवून केलेल्या नळ्याही दिसतील. एखादी नळी सोललीत तर आत मऊ अळी असते. ट्राउटचं जेवण हेच. त्या मापाची, त्या रंगाची फ्लाय काढा आणि गोटा होता तसा ठेवून द्या.

११. कणकेची गोळी, गांडूळ, कोंबडीचं काळीज चालेल का?

बऱ्याच ट्राउट-पाण्यात फक्त कृत्रिम आमिषाची मुभा असते, तेव्हा आधी परवाना वाचा (प्रश्न ७). मुभा असली तरी मी वापरत नाही. गांडूळ मासा गिळतो, गळ घशात रुततो आणि मग सोडायच्या मापाचा मासाही मेलेला सोडावा लागतो. कणकेला हौदातून निसटलेला रेनबो फसेल, कारण त्याने जन्मभर गोळ्याच खाल्ल्यात. नदीचा ब्राउन ढुंकून बघणार नाही.

१२. तीन दिवस उभा होतो, एकही लागला नाही. नदीत मासाच नाही का?

आहे. तो तुम्हाला बघतोय.

पहिल्या वर्षी मी गुशैणीच्या वर असेच तीन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी दुपार कलताना पाठीवर गवताचा भारा घेतलेले एक म्हातारे गृहस्थ पायवाटेवर थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाईजी, मछली आपको देख रही है।” मी उतरत्या उन्हाकडे पाठ करून उभा होतो आणि माझी लांबलचक सावली समोरच्या डोहात पडली होती. हात हलला की डोहभर काळं फडकं फिरायचं. बाबांनी भारा उतरवला, मला काठाकाठाने वीसेक पावलं खाली नेलं, एका खडकाआड अक्षरशः खांदा दाबून बसवलं आणि बोटाने जागा दाखवली: वरच्या अंगाला दगडाच्या बाजूने पाणी जोरात येत होतं आणि शेजारचं पाणी संथ होतं. त्या दोहोंच्या शिवेवर फेसाची रेघ होती. तिसऱ्या फेकीला तंगूस ताठ झाला. आला तो वीतभराचा ब्राउन, पोट लोण्यासारखं पिवळट. मापात नव्हता, सोडला. बाबा तोवर भारा घेऊन निघूनही गेले होते.

त्यांनी न बोलता शिकवलं ते असं. ट्राउट तोंड नेहमी प्रवाहाकडे करून असतो, कारण जेवण तिकडूनच वाहत येतं. म्हणून खालून वर, त्याच्या पाठीमागून जायचं. पाण्यातून त्याला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. तुम्ही जितके बुटके, तितके त्या खिडकीच्या कडेला. उभा माणूस म्हणजे खिडकीतलं झाड. आणि भर धारेत तो उभा राहत नाही, दमतो. संथ पाण्यात थांबायचं आणि शेजारच्या धारेतून घास उचलायचा, ही त्याची रीत.

बाकी कारणं किरकोळ आहेत: भडक शर्ट, गोट्यांवर बूट आपटत चालणं, एकाच डोहात शंभर फेकी. डोहात पाच-सहा फेकींत काही झालं नाही तर पुढे चला.

१३. मासा सोडायचा असेल तर कसा सोडू?

गळाचा काटेरी अंकुश पक्कडीने आधीच दाबून टाका. मासा धरण्यापूर्वी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी लागते. शक्यतो पाण्यातच गळ काढा. फोटो काढायचाच तर स्वतःचा श्वास रोखा आणि तुम्हाला गुदमरण्याआधी त्याला पाण्यात ठेवा. कल्ल्यात बोट घालून लटकवू नका. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून हलकेच आधार द्या, तो आपण होऊन निघेल.

अपवाद: कल्ल्यातून रक्त वाहत असेल आणि मासा मापात बसत असेल तर ठेवा. तो जगणार नाही.

१४. खायला कसा लागतो?

सौम्य. मालवणी मसाला आणि तिरफळ घातलंत तर ट्राउट खाल्ला की तिलापिया, कळणार नाही. मीठ, हळद, लिंबू लावून, रव्यात घोळवून तव्यावर टाका. हिमाचलात सरसूच्या तेलात तळतात, तेही छान. खवले इतके बारीक की खरवडायची गरज नाही, कातडी कुरकुरीत होते. काट्यांची भीती नको. शिजल्यावर मधला काटा शेपटीकडून एका ओढीत निघतो. काट्यांनी भरलेला पाला मासा खाणाऱ्या माणसाला हा म्हणजे सुट्टी.

१५. मांस गुलाबी असेल तर तो जंगली, पांढरं असेल तर हौदातला, खरं का?

खोटं. रंग खाण्यातून येतो. बारीक कवचधारी जीव खाल्ले की त्यांच्यातलं अस्टाझॅन्थिन हे तांबडं रंगद्रव्य मांसात उतरतं. हौदातल्या माशाच्या खाद्यातही ते मिसळता येतं. एका ठिकाणी मला “नदीचा, आजच पकडलेला” म्हणून जास्त पैसे लावून ताट वाढलं. माशाचे पर झिजून गोल झालेले होते, सिमेंटला घासून होतात तसे. फसायचं नसेल तर मांस नको, पर बघा.

१६. परका मासा आहे ना? मग त्याला जपायचं कशाला?

अवघड प्रश्न. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या प्रसिद्ध यादीत रेनबो आणि ब्राउन दोन्ही आहेत. हिमालयाचा स्वतःचा मासा आहे, असेला. इंग्रजीत त्याला ‘स्नो ट्राउट’ म्हणतात, पण तो ट्राउट नव्हेच, रोहूच्या कुळातला. ब्राउन त्याची पिल्लं खातो.

पण शंभर वर्षांत ब्राउनभोवती परवाने, होमस्टे आणि नदी स्वच्छ ठेवायची गावाची गरज, असं सगळं उभं राहिलंय. तो आहे म्हणून काही ओढ्यांकडे लोकांचं लक्ष आहे. मी दोन गोष्टी पाळतो. असेला लागला तर तो नेहमी परत सोडतो, आणि ट्राउट एका पाण्यातून दुसऱ्यात नेत नाही. “आमच्या गावच्या ओढ्यात बोटुकली सोडू का?” असं विचारणाऱ्या दोघा-तिघांना मी स्पष्ट नाही म्हटलंय.

१७. सर्वांत मोठा रेनबो केवढा?

गरीवर मिळालेल्यांत २१.७७ किलो, कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या डिफेनबेकर तलावात, २००९ मध्ये. वाद असा की तिथले ते अजस्र मासे शेतीतून निसटलेले, गुणसूत्रांचे तीन संच असलेले. असे मासे प्रजननक्षम नसतात. अंडी घालण्यात जाणारी ताकद अंगात जाते. विक्रम धरला गेला, कुरबूर आजही चालू आहे.

१८. पोहता येत असेल तर पाण्यात उतरायला हरकत नाही ना?

पोहण्याचा संबंध नाही. पाणी दहा अंशांचं असतं, पाय पाच मिनिटांत बधिर होतात आणि गोटे तेल लावल्यासारखे असतात. गुडघ्याच्या वर जाऊ नका, हातात काठी ठेवा.

खरी भीती धरणाची. ८ जून २०१४ ला लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ ब्यास नदीत हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते नदीपात्रात फोटो काढत होते. वर आभाळ निरभ्र असलं तरी धरणाखाली पाणी चढू शकतं. भोंगा ऐकू आला, पाण्यात काटक्या-पाला वाहायला लागला किंवा स्वच्छ पाणी अचानक गढुळलं तर सामान तिथेच टाकून वर चढा. रॉड नवा घेता येतो.

१९. मी परदेशात असतो. तिथले नियम वेगळे आहेत का?

पुष्कळ. अमेरिकेत राज्याराज्यांचा परवाना वेगळा. वॉशिंग्टन राज्यात समुद्रात जाऊन परतणारा रेनबो लागेल, त्याला ‘स्टीलहेड’ म्हणतात. जात तीच, वागणं सॅमनसारखं. तिथे पाठीवरचा तो मांसल पर (प्रश्न १) बघायचा. केंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो कापलेला असतो. पर शाबूत असेल तर मासा जंगली, सोडायचाच.

न्यूझीलंडहून एका ताईंनी विचारलं होतं की टाउपो तलाव ट्राउटने भरलाय, मग हॉटेलात का मिळत नाही? कारण तिथे ट्राउट विकणं-विकत घेणं बेकायदा आहे. परवाना काढा, स्वतः धरा, खा किंवा कुणाला भेट द्या. तुम्ही आणलेला मासा काही हॉटेलं शिजवून देतात.

२०. रॉड विमानात नेता येतो का?

चेक-इन सामानात, प्लॅस्टिकच्या पाइपात घालून. गळ, पक्कड, सुरी हातातल्या बॅगेत ठेवलंत तर तपासणीत जातील. चार तुकड्यांचा रॉड घेतलात तर तो साध्या बॅगेतच मावतो. रेल्वेत वरच्या बर्थवर ठेवा आणि रात्री शेजाऱ्याने त्यावर उशी टाकली नाही ना, एवढं बघा. माझं एक टोक असंच कोट्याच्या अलीकडे मोडलंय.